परत आलेल्या मालाची वही सोबत न्या

शिरपूरच्या एका तरुण दुकानदाराने विचारलंय: मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान सहा वर्षांपासून आहे. मुंबईचा नेहमीचा व्यापारी म्हणतो, ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाला चला, आपल्याकडचा ग्रुप जातोय, माणशी दीड लाख. जावं का? गेलो तर पाहावं काय? इंग्रजी बेताचंच आहे. आणि लास वेगासचं ते जगप्रसिद्ध प्रदर्शन आपल्यासारख्याने कधी पाहावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो लवकर मिटतो. लास वेगासचं ते सीईएस, म्हणजे कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो. १९६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलांमध्ये ते पहिल्यांदा भरलं, १९७८ पासून हिवाळ्यात लास वेगासला भरू लागलं, आता दर जानेवारीत तिथेच असतं. तिकीट काढलं आणि शिरलं असा तो प्रकार नाही. धंद्याशी संबंध असल्याचा पुरावा मागतात. व्हीसीआर १९७० साली, सीडी प्लेअर १९८१ साली आणि डीव्हीडी १९९६ साली याच प्रदर्शनात मांडले गेले. त्यातला व्हीसीआर आमच्या धुळ्याच्या गल्लीत यायला पंधराएक वर्षं लागली. गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे संपवायचे, हे माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. आता इतका वेळ लागत नाही. जानेवारीत तिथे गाजलेल्या वस्तूची नक्कल दिवाळीच्या आत आपल्या काउंटरवर येते. म्हणून तर तिथे जायची गरज नाही. २०२४ ला तिथे आरपार दिसणारे टीव्ही मांडले होते. आपल्या गिऱ्हाईकाला असा टीव्ही दाखवला तर तो आधी विचारेल, मागची भिंत रंगवायची कोणी? सीईएस घरी बसून मोबाईलवर पाहा, चार दिवस रात्री तासभर. पुढच्या दोन वर्षांत कोणत्या शब्दांची जाहिरात होणार आहे तेवढं कळतं, आणि तेवढंच आपल्या कामाचं.

आता तुमचा खरा प्रश्न. जावं का? जा. पण या ऑक्टोबरला नको, आणि पहिल्या खेपेला माल बुक करायला तर नकोच.

माझं दुकान धुळ्यात १९९८ पासून आहे. सुरुवातीला टेप आणि रेडिओ दुरुस्ती, मग मोबाईल, चार्जर, टॉर्च, एलईडी, कॅमेरे. पहिल्यांदा हाँगकाँगला गेलो २०११ ला, तुमच्यासारखाच एका ग्रुपबरोबर. आमच्याकडे शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जातो, त्याला चार्जिंगचा टॉर्च लागतोच. तिथे एका स्टॉलवर असा झकास टॉर्च दिसला की मी तिथल्या तिथे पाचशे पीसचा ॲडव्हान्स दिला. सॅम्पल उत्तम होतं. मालही तसाच आला, फसवणूक काहीच नव्हती. जानेवारीत शंभरेक विकले, उरलेले पोटमाळ्यावर ठेवले. वर पत्रा. मे महिन्यात खोकी उघडली तर बॅटऱ्या फुगून टॉर्चच्या पाठी उसवल्या होत्या. विकलेल्यांपैकीही निम्मे परत आले. त्या विक्रेत्याला दोष देता येईना, कारण मी त्याला उन्हाळ्याचं काही विचारलंच नव्हतं. त्याने टॉर्च हाँगकाँगच्या एसीत दाखवला, मी हाँगकाँगच्या एसीत घेतला.

त्या मे महिन्यात मी एक वही घातली. गिऱ्हाईक वस्तू परत घेऊन आलं की तारीख, वस्तू, कोणाकडून आलेला माल, किती दिवसांनी बिघडला आणि गिऱ्हाईकाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं. ‘गरम व्हस’, ‘चार्जच व्हत नही’, ‘लाईट उनी गई तवय बंद पडना’, म्हणजे वीज आली-गेली तेव्हा बंद पडला. वाक्य तसंच लिहायचं, कारण ‘डिफेक्टिव्ह’ लिहिलं की सगळं एका रंगाचं होतं. दुसऱ्या खेपेला ती वही सोबत नेली, आणि मग त्या मेळ्यात मला काय पाहायचंय हे पहिल्यांदा कळलं. नवीन काय आलंय ते सगळेच पाहतात. आपण आपल्याकडे काय बिघडतं त्याचं उत्तर कोणाकडे आहे ते पाहायचं.

तुम्ही वही ठेवली नसेल तर आज घाला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्यात येऊ द्या. ऑक्टोबर नको म्हणतोय त्याचं पहिलं कारण हे.

वहीतून माझ्याकडे तीन गोष्टी निघाल्या. तुमच्याकडेही बहुधा त्याच निघतील, तापीच्या अलीकडे आणि पलीकडे हवा एकच आहे.

पहिली, ऊन. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे बनवणारेच लिहून देतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा त्याच्या आसपास खेळतो. पत्र्याखाली, गाडीच्या डॅशबोर्डवर, बसस्टँडच्या टपरीत किती होत असेल ते सांगायला नको. एलईडी बल्बचंही तसंच. लोक म्हणतात एलईडी गेला. एलईडी क्वचितच जातो, त्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारं सर्किट, जातो आणि ड्रायव्हरमध्ये बहुतेक वेळा कपॅसिटर जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. त्याच्या अंगावर ८५ अंश किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. स्टॉलवर बल्ब उघडायला सांगा आणि तो आकडा वाचा. उघडायला नाही म्हणाला तर पुढच्या स्टॉलवर जा, रांगेत आणखी चाळीस असतात. १०५ वाला बल्ब थोडा महाग पडेल, पण माझ्या वहीत बल्बची पानं निम्म्यावर आली ती या एका आकड्याने.

दुसरी, वीज. तिकडच्या स्टॉलवाल्याला व्होल्टेज म्हणजे २२० आणि ते हलत नाही. आपल्याकडे गावातल्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी दीडशेला येतं आणि मध्यरात्री भार उतरला की २६० च्या वर जातं. वरून ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल तुटला तर घरातल्या पॉइंटला २३० च्या जागी ४०० च्या जवळ जाऊ शकतं. त्या रात्री गल्लीतले सगळे चार्जर एकदम जातात आणि सकाळी सगळी गल्ली माझ्या दुकानासमोर. न्यूट्रल तुटल्यावर टिकेल असा स्वस्त चार्जर मला अजून मिळाला नाही, तो शोधत बसू नका. पण २८०-३०० पर्यंत तग धरणारे मिळतात. चार्जरवर ‘१०० ते २४०’ लिहिलेलं असतं तो जगभरचा ठोकळा आकडा आहे. तुम्ही विचारायचं: २८० ला एक तास चालवून दाखवाल का? तिथे दाखवता येत नसेल तर कारखान्यात चाचणी करून व्हिडिओ पाठवा. दहातले सात जण हसून हो म्हणतील आणि विसरतील. तीन जण पाठवतील. त्या तिघांशी बोलायचं.

तिसरी, वजन. माझं यावर जरा जास्तच प्रेम आहे, तेव्हा सविस्तर सांगतो.

आमचा एक जळगावचा सराफ मित्र आहे. त्याच्याकडून मी खिशात मावणारा काटा आणला आणि तो दर प्रदर्शनाला नेतो. लोक हसतात. पॉवर बँकमध्ये पैसा असतो तो सेलचा, आणि सेलला वजन असतं. गोल सेल, ज्याला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब, तो भारीतला भारी घेतला तरी ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो आणि पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. त्याच्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर पुढे बोलायचंच नाही. दहा हजारच्या पॉवर बँकेत असे किमान तीन सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन १४० ग्रॅमच्या आसपास. वर डबी आणि सर्किट. हातातली पॉवर बँक १२० ग्रॅम भरली तर दहा हजार ही फक्त छपाई आहे. चपट्या पाऊच सेललाही हेच गणित थोड्याफार फरकाने लागू. आता तुम्ही म्हणाल, वजन वाढवायला आत काहीतरी घालतील. घालतातच. मी उघडलेल्या एकीत प्लास्टिकच्या पुडीत वाळू होती. म्हणून वजन जुळलं की काम संपलं असं नाही, पण वजन जुळलं नाही की काम संपलं.

दुसरं यंत्र, यूएसबी मीटर. चार्जर आणि वायर यांच्या मध्ये लावायचा बोटभर तुकडा, व्होल्ट आणि ॲम्पिअर दाखवतो. ‘६५ वॉट’ लिहिलेल्या चार्जरला स्टॉलवरच भार लावा. मीटर खिशातून निघाला की स्टॉलवाल्याचा चेहरा बदलतो. जो आनंदाने ‘लावा लावा’ म्हणतो तो बहुधा बनवणारा, जो साहेबाला फोन लावतो तो बहुधा विकणारा.

जाता जाता, तुमची गिऱ्हाईकं भांडतात ना, दहा हजारची पॉवर बँक पाच हजारचा फोन दोनदा भरत नाही म्हणून? ती फसवणूक नाही. दहा हजार हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टला असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टला देताना कागदावरच ७४०० होतात, आणि वाटेतली गळती धरून सहा-साडेसहा हजार हाती लागतात. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ असते, तीच खरी. ती जो ठळक छापतो तो विक्रेता मला आवडतो.

बनवणारा आणि विकणारा, यावर लोक उगाच फार बोलतात. ‘डायरेक्ट फॅक्टरीतून घ्या’ हे वाक्य ग्रुपमधला प्रत्येक जण तीनदा ऐकवेल. ओळखायचं कसं ते सोपं आहे: एकाच वस्तूचे आठ आकार मांडलेत तर बनवणारा, चार्जर, छत्री, मसाजचं यंत्र आणि कुत्र्याचा पट्टा एकाच फळीवर असेल तर व्यापारी. पण आपल्या आकाराच्या दुकानाला व्यापारी वाईट नाही, हे माझं मत. कारखाना हजार-दोन हजार पीसच्या खाली बोलत नाही आणि बोलला तरी तुमचं काम शेवटी करतो. व्यापारी पाच वस्तूंचे दोनशे-दोनशे पीस एका खोक्यात बसवून देतो. तो दर पीसमागे काही पैसे खातो, खाऊ द्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा दलालाला पैसे देतोच, पण दात स्वतः मोजतो आणि घोडा स्वतः पळवून पाहतो. दलालाला कितीही दिले तरी ही दोन कामं त्याच्यावर सोडत नाही.

आता कागद. इथे मात्र मस्करी नको.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आपल्या सरकारचा आदेश २०१२ चा, अंमल २०१३ पासून. पंधरा वस्तूंपासून सुरू झाला आणि यादी वाढत गेली: मोबाईल, चार्जर म्हणजे ॲडॉप्टर, पॉवर बँक, एलईडी बल्ब, ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस इअरफोन, स्मार्टवॉच. म्हणजे तुमच्या दुकानातला जवळजवळ सगळा चालता माल. वस्तूवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. ही नोंदणी तुमच्या नावाची नसते. ती त्या कारखान्याची, त्या वस्तूची आणि त्या ब्रँडची असते. हे तिसरं लोकांच्या लक्षात येत नाही. स्टॉलवाला म्हणतो, ‘बीआयएस आहे, आणि वर तुमचं नाव फुकट छापून देतो.’ नाव छापलं की ब्रँड बदलला, आणि तो ब्रँड नोंदणीत घातलेला नसेल तर माल बेकायदा. आमच्याकडच्या एकाचा माल असाच न्हावा शेव्याला अडकला. आपल्या लेकीच्या नावाने ब्रँड काढला होता त्याने. नोंदणी नसलेला माल परत पाठवावा लागतो, नाहीतर कस्टम तो निकामी करून भंगारात काढतं. त्याच्या बाबतीत भंगार आणि गोदामाचं भाडं दोन्ही झालं.

म्हणून स्टॉलवर उभं असतानाच क्रमांक मागा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. कारखान्याचं नाव, पत्ता, वस्तू, ब्रँड समोर येतं. व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता आणि ॲपमधला पत्ता जुळला नाही तर कारण विचारा. ब्लूटूथ, वायफाय असलेल्या वस्तूला वर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यताही लागते. तुम्ही सीसीटीव्ही लावायची कामं घेत असाल तर ध्यानात ठेवा, एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या वेगळ्या चाचण्या लागू झाल्यात. तिकडे ढिगाने दिसणारे स्वस्त कॅमेरे हातातसुद्धा घेऊ नका. ड्रोनचीही तीच गत, तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. भाच्यासाठी एक आणतो, असंही नको.

आणि आयातदार म्हणून खोक्यावर तुमचं नाव लागलं की एमआरपी, आयातीचा महिना, तक्रारीचा पत्ता हे सगळं तुमच्या गळ्यात. ई-कचऱ्याच्या आणि बॅटरीच्या २०२२ च्या नियमांत तुम्ही ‘उत्पादक’ ठरता आणि त्याची नोंदणी वेगळी. हे वाचून घाम फुटला असेल तर बरं झालं. पहिली दोन-तीन वर्षं आयात दुसऱ्याच्या नावाने होऊ द्या, ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याच्या. तुम्ही माल निवडा, तपासा आणि त्याच्याकडून पक्क्या बिलाने घ्या. आमच्यात धुळे, दोंडाईचा, नंदुरबार आणि चोपडा असे चार दुकानदार एकत्र आहेत. निवडायला चौघांपैकी दोघं जातात, खर्च चौघांत वाटतो, माल एकाच आयातदाराच्या नावाने येतो. भिशीसारखंच आहे, फक्त नंबर लागण्याऐवजी खोकी लागतात.

ऑक्टोबर नको म्हणण्याचं दुसरं कारण कॅलेंडर. ऑक्टोबरच्या मेळ्यात निवडलेलं सॅम्पल नोव्हेंबरात हातात, सुधारणा करून ऑर्डर डिसेंबरात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाला कारखाने कित्येक दिवस बंद. कामगार गावी जातात, काही परत येतच नाहीत, आणि सुट्टीनंतरचा पहिला माल नवशिक्या हातांचा असतो. म्हणजे तुमचा माल उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार. एप्रिलच्या मेळ्याचा माल घाई न करता ऑगस्ट-सप्टेंबरला घरात असतो. आपल्या बाजारात पैसा फिरतो तो दिवाळीला आणि मग कापूस विकला गेल्यावर लग्नसराईत. त्याच्या आधी माल फळीवर हवा, बंदरात नाही.

ग्रुपवाल्याला मात्र आजच एक विचारा: कोणता मेळा आणि कोणत्या तारखा? ‘हाँगकाँगचं प्रदर्शन’ असं एक काही नाहीच. एप्रिलला आणि ऑक्टोबरला, दोन्ही वेळा, विमानतळाला लागून असलेल्या एशियावर्ल्ड-एक्स्पोमध्ये ग्लोबल सोर्सेस या कंपनीचा मेळा भरतो आणि वान चायच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तिथल्या व्यापार विकास मंडळाचा. ग्लोबल सोर्सेसचाही आधी एका टप्प्यात साधारण इलेक्ट्रॉनिक्स आणि काही दिवसांनी मोबाईलचा माल. चुकीच्या टप्प्यात गेलात तर तुमच्या कामाच्या रांगा निम्म्याही नसतील. त्याच सुमारास पलीकडे ग्वांगझूला कँटन फेअर, तो १९५७ पासून चालू आहे. इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या पहिल्या टप्प्यात, १५ तारखेपासून. हाँगकाँगच्या वेस्ट कौलूनहून गाडी तासाभरात ग्वांगझूला नेते, म्हणून लोक एका खेपेत दोन्ही उरकतात. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर आधी ऑनलाइन नोंदणी केली की चौदा दिवसांपर्यंत राहता येतं, तिला पैसे पडत नाहीत. चीनला मात्र रीतसर व्हिसा. पहिल्या खेपेला चीन जोडू नका. शेन्झेनचा ह्वाछ्यांगबेइ बाजार पाहायचा मोह होईल. जळगावच्या गोलाणी मार्केटचे शंभर मजले एकावर एक रचल्यासारखं आहे ते, आणि तिथे वही, काटा, सगळं विसरायला होतं.

चालण्याबद्दल काय सांगू, जुने बूट घाला. पहिल्या दिवशी काही विचारू नका, सगळ्या रांगा नुसत्या फिरा आणि ज्या स्टॉलवर वहीतल्या तक्रारीचं उत्तर असण्याची शक्यता वाटते त्यांचे क्रमांक टिपा. माझे पंचवीस-तीस निघतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच जा. प्रत्येक वस्तूचा फोटो त्या माणसाच्या कार्डासह काढा, नाहीतर हॉटेलवर एकशे दहा इअरफोनचे फोटो असतील आणि कोणता कोणाचा ते देव जाणे. रात्री झोपण्याआधी वहीत लिहायचंच, सकाळपर्यंत सगळे स्टॉल एक होतात. शेवटच्या दिवशी दुपारी बरेच जण मांडलेली सॅम्पल विकून टाकतात, स्वस्तात. एकेक घ्या. दहा सारखे इअरफोन बॅगेत सापडले तर ते ‘स्वतःच्या वापराचे’ कसे हे कस्टमला पटवता येत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत. वीस हजारची ७४ भरते, चालते. खायला बरोबर केळीचे वेफर्स, शेव आणि खाकरे न्या, शाकाहारी माणसाची दुपार तिथे कठीण जाते. संध्याकाळी चिम शा चुईला भारतीय जेवण मिळतं.

आणि जायच्या आधी एक सराव देशातच करा. गोरेगावच्या नेस्को मैदानावर किंवा दिल्लीच्या भारत मंडपममध्ये वर्षभर काही ना काही चालू असतं. दिल्लीची इंडिया मोबाईल काँग्रेस, २०१७ पासूनची, ती आपल्यासाठी नाही. टेलिकॉम कंपन्या, फाइव्ह-जी, मंत्र्यांची भाषणं. तिथे माल नसतो. लायटिंगचं, कॅमेऱ्यांचं किंवा सोलरचं एखादं व्यापारी प्रदर्शन गाठा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालात तर सकाळी गोरेगाव, दुसऱ्या सकाळी शिरपूर. माल घ्यायचा नाही, फक्त तीस स्टॉलवर वहीतले प्रश्न विचारून पाहायचे. पहिल्या पाच ठिकाणी जीभ अडखळते, नंतर नाही. मोशीच्या किसान प्रदर्शनाला तुमचे वडील जात असतील तर त्यांच्यासोबत जाऊन पाहा, ते ठिबकच्या नळीवाल्याला कसे खोदून विचारतात. तीच पद्धत.

राहिलं इंग्रजी. समोरच्याचंही बेताचंच असतं, आणि दोन बेताची इंग्रजी एकमेकांना छान समजतात. आकडे कॅल्क्युलेटरवर दाखवायचे. २०१४ ला एका स्टॉलवर मी पंधरा मिनिटं एका मुलीशी एका चार्जरवर घासाघीस केली, तिने २.८ डॉलर टाकले, मी १.९ टाकले, तिने यंत्र हातातून घेतलं, २.६, मी २.१. मध्येच माझ्या तोंडून ‘अवं माय, इतलं नही परवडत’ निघून गेलं. तिला शब्द कळला नाही, पण २.३ टाकून तिने कॅल्क्युलेटर माझ्या बाजूला सरकवला.

भाव ठरल्यावर मात्र बोलण्यावर जाऊ नका. त्याच जागी कागदावर लिहून घ्या: मॉडेल, वजन ग्रॅममध्ये, सेल किंवा कपॅसिटर कोणत्या कंपनीचा आणि किती अंशांचा, नोंदणी क्रमांक, पीस, भाव, आणि सॅम्पलसारखा माल आला नाही तर काय. सॅम्पल दोन मागा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. ॲडव्हान्स तीस टक्के मागतात, उरलेले सत्तर माल भरण्याआधी. ते सत्तर सोडण्याआधी खोकी उघडून कोणीतरी मोजायला हवं, आणि तो कोणीतरी स्टॉलवाल्याचा भाऊ नको. तपासणीचं काम पैसे घेऊन करणारी माणसं तिथे मिळतात, आयातदार गाठून देतो.

तुमची वही भरली की मार्चमध्ये एकदा धुळ्याला या. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, काटा आणि मीटर तिथेच आहे.